क्लोन १०० टक्के झाला म्हणतो, तरी नवी डिस्क बूट होत नाही: जुन्या वर्कस्टेशनवर परत परत येणारा प्रॉब्लेम

जुनं मशीन, विंडोज ७, बायोसवाला बोर्ड (बायोस म्हणजे मशीन चालू होताना बोर्डवरून सगळ्यात आधी चालणारा जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम), ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि सी ड्राइव्हची लाल झालेली पट्टी. मोठी डिस्क आणली, क्लोन मारला म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब कॉपी नव्या डिस्कवर उतरवली, सॉफ्टवेअरने सगळं नीट झालं म्हणून सांगितलं, जुनी काढून नवी लावली आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं. जुनी परत लावली की मशीन लगेच चालू. मग नवी डिस्कच खराब निघाली असं समजून ती परत करणारे लोक मी बघितलेत, आणि डिस्क ठणठणीत होती हो. कॉपीसुद्धा चांगली झालेली होती. चुकलेलं असतं ते कॉपीनंतरच्या दहा मिनिटांत.

'त्यापेक्षा नवीन विंडोज टाका ना' असं लगेच कोणीतरी सांगतं. घरच्या कॉम्प्युटरला ते ठीक आहे. पण वर्कस्टेशनवर दहा-दहा वर्षांचं काम बसलेलं असतं, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ज्याची सीडी आता सापडत नाही, प्लॉटरचा ड्रायव्हर जो कंपनीने साइटवरून काढून टाकला, आणि लायसन्स. काही जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स सी ड्राइव्हच्या व्हॉल्यूम सिरियल नंबरला बांधलेलं असतं. हा नंबर फॉरमॅट करताना तयार होतो, त्यामुळे नवीन इन्स्टॉल केलं की बदलतो, पण सेक्टर टू सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहानात लहान कप्पा) कॉपीत जसाच्या तसा येतो. म्हणून अशा मशीनला क्लोनच करायचा हे माझं ठाम मत आहे, फक्त तो नीट करायचा.

आता मूळ कारण काय ते बघू, कारण हे एकदा कळलं की निम्मे एरर आपोआप सुटतात.

बायोसवाल्या मशीनमधे डिस्कचा पहिला सेक्टर म्हणजे एमबीआर, ५१२ बाइटचा. त्यात पहिले ४४० बाइट बूट कोडला, त्यानंतर ४ बाइट डिस्कची सही म्हणजे डिस्क सिग्नेचर, २ बाइट तसेच, मग ६४ बाइटचं पार्टिशन टेबल (पार्टिशन म्हणजे डिस्कचे पाडलेले भाग) आणि शेवटी २ बाइटची खूण. त्या मधल्या ४ बाइटमधेच सगळी गोम आहे. विंडोज ७ आणि त्यापुढच्या विंडोजचं बूट मेनूचं जे रजिस्टर आहे, ज्याला बीसीडी म्हणतात, त्यात 'विंडोज सी ड्राइव्हवर आहे' असं लिहिलेलं नसतं. 'अमुक सही असलेल्या डिस्कवर, सुरुवातीपासून अमुक अंतरावर जे पार्टिशन आहे तिथे' असं लिहिलेलं असतं. सही बदलली तर पत्ता चुकला, पार्टिशन सरकलं तरी पत्ता चुकला. आत फाइली सगळ्या जागच्या जागी असतात पण दारावरची पाटी वेगळी.

मग सही बदलते कशी? आपणच बदलतो, न कळत. माझ्याकडून झालेलंच सांगतो. क्लोन झाला रात्री साडेअकराला, म्हटलं सगळं नीट आलंय का बघूया, म्हणून दोन्ही डिस्क तशाच ठेवून जुन्या विंडोजवरून मशीन चालू केलं. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर नवी डिस्क 'ऑफलाइन' दिसत होती, तिच्यावर छोटा लाल बाण. माउस नेला तर लिहून आलं की दुसऱ्या ऑनलाइन डिस्कच्या सहीशी हिची सही जुळते म्हणून ही बंद ठेवली आहे. बरोबरच आहे, क्लोन म्हटल्यावर सही तीच असणार. मी राइट क्लिक करून 'ऑनलाइन' केलं, फोल्डर उघडून बघितले, सगळं होतं, समाधानाने मशीन बंद केलं आणि जुनी डिस्क काढली. चालू केल्यावर 'विंडोज फेल्ड टु स्टार्ट' आणि कोड ०एक्ससी००००००ई. त्या एका 'ऑनलाइन'च्या क्लिकने विंडोजने नव्या डिस्कवर नवी सही लिहून टाकली होती, आणि नव्या डिस्कवरचं बीसीडी अजून जुन्याच सहीला शोधत होतं. रात्री दोनपर्यंत मी केबली बदलत बसलो होतो, आणि उपाय पाच मिनिटांचा होता.

म्हणून हे कळकळीने सांगतोय, क्लोन संपला की सॉफ्टवेअरला मशीन रीस्टार्ट करू देऊ नका, शटडाउन करा, पॉवरची वायर काढा, जुनी डिस्क पूर्ण सुटी करा आणि नवी डिस्क जुनीच्याच एसएटीए पोर्टला (बोर्डवर डिस्कची केबल लागते ते सॉकेट) लावून पहिलं बूट एकट्या नव्या डिस्कवर करा. फाइली आल्यात का हे तिथूनच बघता येतं. पहिलं बूट एकटीवर नीट झालं की निम्मी लढाई संपली.

आणि जर आधीच तो कोड आला असेल तर: विंडोज ७ ची डीव्हीडी किंवा यूएसबी लावा, इन्स्टॉल करू नका, खाली 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' आहे तिथे जा. आधी 'स्टार्टअप रिपेअर' चालवा, एकदा चालवून झालं नाही तर परत चालवा, कधी कधी दोन-तीनदा लागतं कारण ते एका फेरीत एकच गोष्ट दुरुस्त करतं. त्याने नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्ट. इथे एक फसवी गोष्ट आहे, रिपेअर मोडमधे ड्राइव्हची अक्षरं वेगळी असतात. विंडोज ७ चं ते १०० एमबीचं 'सिस्टम रिझर्व्हड' पार्टिशन इथे सी होऊन बसतं आणि तुमचं खरं विंडोज डी. म्हणून आधी 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट व्हॉल्यूम' करून कोणता कुठला ते साइजवरून ओळखा, बाहेर या, आणि मग 'बीसीडीबूट डी:\विंडोज /एस सी:' अशी कमांड इंग्रजीत टाइप करा, अक्षरं तुमच्याकडे जी दिसतील ती. ही कमांड बूटच्या फाइली आणि बीसीडी परत लिहिते, या वेळी नव्या सहीसकट. काही जण थेट 'बूटरेक'च्या फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रीबिल्डबीसीडी या तिन्ही मारतात, तेही चालतं, पण मला बीसीडीबूट जास्त भरवशाचं वाटतं. त्या छोट्या पार्टिशनला 'अ‍ॅक्टिव्ह' खूण आहे ना तेही बघा, नसेल तर डिस्कपार्टमधे ते पार्टिशन सिलेक्ट करून 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणायचं. पण चुकीच्या पार्टिशनला अ‍ॅक्टिव्ह केलंत तर 'बूटएमजीआर इज मिसिंग' येईल, तेव्हा दोनदा बघून मग एंटर.

दुसरा रस्ताही आहे, क्लोनच्या आधी जुन्या डिस्कची सही लिहून ठेवायची. डिस्कपार्टमधे 'सिलेक्ट डिस्क ०' आणि मग 'युनिकआयडी डिस्क', आठ अक्षरं येतात, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे सही बदललीच तर रिपेअर मोडमधून त्याच कमांडने जुनी सही नव्या डिस्कवर परत लिहिता येते. मात्र त्यानंतर दोन्ही डिस्क एकाच विंडोजला एकदम दाखवायच्या नाहीत, नाहीतर परत तेच.

एक्सपीवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं. अजूनही कारखान्यातली मशीन चालवणारे एक्सपीचे कॉम्प्युटर पुष्कळ आहेत म्हणून लिहितो. तिथे पहिलं बूट दोन्ही डिस्क लावून केलं तर नव्या डिस्कच्या पार्टिशनला सीऐवजी दुसरंच अक्षर मिळतं आणि ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) नोंदलं जातं. मग नव्या डिस्कवरचं विंडोज चालू होतं खरं पण अर्ध्या फाइली जुन्या सीवरून उचलतं, तुम्हाला वाटतं झालं काम, आणि जुनी काढली की लॉगिनच्या निळ्या स्क्रीनवर येऊन थांबतं, पुढेही जात नाही मागेही नाही. सगळ्यात सोपं म्हणजे क्लोन परत करा आणि या वेळी पहिलं बूट एकटीवर करा. जुनी डिस्क हात न लावता ठेवलेली असेल तरच हे शक्य आहे, हे लक्षात घ्या.

'जुनी डिस्क लावली असेल तरच नवी बूट होते' याचं आणखी एक कारण असतं आणि ते क्लोनशी संबंधितच नसतं. ज्या मशीनमधे पहिल्यापासून दोन डिस्क होत्या तिथे विंडोज टाकताना बूटच्या फाइली कधी कधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसतात. तुम्ही सी असलेली डिस्क क्लोन केलीत, पण बूट मॅनेजर त्या डिस्कवर कधी नव्हताच. क्लोन करायच्या आधी डिस्क मॅनेजमेंटमधे बघा, 'सिस्टम' असं कुठल्या पार्टिशनवर लिहिलंय. नावं उलटी आहेत, 'सिस्टम' लिहिलेल्यावर बूटच्या फाइली असतात आणि 'बूट' लिहिलेल्यावर विंडोज असतं. 'सिस्टम' दुसऱ्या डिस्कवर असेल तर आता काय करायचं ते वर आलंच आहे, नव्या डिस्कवर बीसीडीबूट.

निळी स्क्रीन आणि कोडच्या शेवटी ७बी

हा एरर आला की लोक क्लोनला शिव्या घालतात. ७बी म्हणजे विंडोज चालू झालं, पण ज्या डिस्कवरून चालू झालं तीच त्याला आता दिसत नाही. बहुतेक वेळा कारण बायोसमधला एसएटीए मोड (बोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते) बदलणं, म्हणजे आयडीई, एएचसीआय किंवा रेड (आरएआयडी) यातला एक होता आणि दुसरा झाला. तुम्ही म्हणाल मी बायोसला हातच लावला नाही. अगदी खरं असेल. पण मशीन दहा वर्षांचं आहे, बोर्डवरचा सीआर २०३२ चा सेल केव्हाच संपलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही कारण भिंतीतल्या प्लगमधून पॉवर सप्लाय बोर्डला थोडी वीज सतत देत असतो, मशीन बंद असलं तरी. डिस्क बदलायला तुम्ही वायर काढता, पाऊण तास मशीन उघडं असतं, आणि तेवढ्यात बायोसची सेटिंग पुसून फॅक्टरीवर जाते. वायर लावल्यावर तारीख दहा वर्षं मागे गेलेली दिसली की समजा हेच झालंय. वर्कस्टेशनमधे तर हा मोड पुष्कळदा कंपनीकडूनच रेडवर असतो, एकच डिस्क असली तरी, त्यामुळे अंदाजाने लावू नका. उघडायच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा आणि सेल बदलून टाका. मोड जुना होता तो परत लावला की ७बी जातो, रजिस्ट्रीत काही करायची गरज नाही.

डिस्क बायोसमधेच दिसत नसेल तर विषय वेगळा. पहिल्या पिढीच्या १.५ गिगाबिटच्या काही एसएटीए चिपला, व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या, ३ गिगाबिटच्या डिस्कशी स्पीड जुळवताच येत नाही. काही डिस्कना मागे जंपर लावून १.५ वर आणता येतं, नाहीतर वेगळं एसएटीए कार्ड. आणि डिस्क फिरतच नसेल, हात लावल्यावर थरथर जाणवत नसेल, तर काही नव्या मोठ्या डिस्कमधे एसएटीए ३.३ चं पॉवर डिसेबल फीचर असतं, त्यात पॉवरच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट आलं की डिस्क बंदच राहते, आणि जुने पॉवर सप्लाय तिथे ३.३ व्होल्ट देतात. जुन्या चार पिनच्या मोलेक्स कनेक्टरवरून एसएटीए करणारी वायर लावली की त्यात ३.३ ची तार नसल्याने डिस्क फिरायला लागते. ती वायर मात्र चांगली घ्या, स्वस्तातल्या साच्यात ओतलेल्या कनेक्टरच्या वायरी तापून जळतात.

यूएसबीच्या डब्यातून केलेला क्लोन

हा प्रकार इतका वेळा होतो आणि इतका कमी लोकांना माहीत आहे की इथे जरा थांबतो. लॅपटॉपची सवय असते म्हणून नवी डिस्क यूएसबीच्या डब्यात घालून क्लोन करतात. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी काही डबे एक युक्ती करतात, ५१२ बाइटच्या सेक्टरऐवजी ४०९६ बाइटचे सेक्टर आहेत असं कॉम्प्युटरला सांगतात. डब्यातून सगळं मस्त दिसतं. डिस्क काढून सरळ एसएटीएला लावली की बोर्डला ती ५१२ ची दिसते, पार्टिशन टेबलमधले आकडे सेक्टरमधे लिहिलेले असल्यामुळे सगळे आठपट चुकतात, आणि डिस्क रिकामी किंवा 'इनिशियलाइज करा' म्हणून दिसते. इनिशियलाइज अजिबात करू नका. परत त्याच डब्यात घातली की डेटा दिसेल. लिनक्सची लाइव्ह यूएसबी असेल तर 'एलएसबीएलके'ला लॉजिकल सेक्टरचा कॉलम दाखवायला सांगून दोन्हीकडून काय आकडा येतो ते बघा.

उपाय म्हणजे दोन्ही डिस्क सरळ बोर्डला लावून क्लोन करणे. पोर्ट कमी असेल तर डीव्हीडी ड्राइव्हची केबल आणि पॉवर तेवढ्यापुरती काढून घ्या, आणि क्लोनचं सॉफ्टवेअर यूएसबीवरून चालवा. वेळही वाचतो. ३२० जीबी ८० एमबी पर सेकंदने तासाभरात जातं, तेच यूएसबी २ वरून ३० ने तीन तास.

मोठी डिस्क म्हणजे किती मोठी?

माझ्याकडे एकाने ४ टीबीची डिस्क आणली होती, 'एकदाच काय ते करून टाकू' म्हणून. क्लोन झाला, बूटही झालं, पण डिस्क मॅनेजमेंटमधे रिकामी जागा दोन तुकड्यात दिसायची आणि शेवटचा १६७८ जीबीचा तुकडा काही केल्या वापरता येईना. ती डिस्कची चूक नाही. एमबीआरच्या टेबलमधे सेक्टरचा आकडा ३२ बिटचा आहे, ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की २१९९०२३२५५५५२ बाइट, म्हणजे विंडोज ज्याला २०४८ जीबी म्हणतं तेवढंच. ४ टीबीची डिस्क विंडोजच्या हिशोबात ३७२६ जीबी, त्यातले २०४८ गेले की उरतात ते हेच १६७८.

यावर 'जीपीटी करून टाका' हा सल्ला मिळतो. जीपीटी म्हणजे एमबीआरच्या जागी आलेली पार्टिशन टेबलची नवी पद्धत, तिला २ टीबीची मर्यादा नाही. पण जुना बायोसवाला बोर्ड असेल तर विंडोज जीपीटी डिस्कवरून बूट होत नाही, त्यासाठी यूईएफआय (बायोसची जागा घेणारा नवा प्रोग्रॅम) लागतं. डिस्क जीपीटी केलीत तर जागा मिळेल आणि विंडोज जाईल. बोर्डला यूईएफआय असेल आणि विंडोज १० ची १७०३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर 'एमबीआर२जीपीटी' ही मायक्रोसॉफ्टचीच कमांड डेटा न पुसता बदलून देते, तेव्हा जरूर करा. जुन्या बायोसला मात्र माझा सल्ला असा की सिस्टमला १ किंवा २ टीबीची डिस्क घ्या, आणि ४ टीबीवाली दुसरी डिस्क म्हणून जीपीटी करून फक्त डेटाला ठेवा. बूट करायचं नसेल तर विंडोज ७ ला बायोसवरही जीपीटी चालते. ३२ बिट एक्सपीला नाही चालत, त्याला जीपीटी कळतच नाही.

आणि २ टीबीची डिस्क लावून ती १८६३ जीबी दिसली तर घाबरू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

सी ड्राइव्ह अजून तेवढाच आहे

बूट झालं, सगळं चालतंय, पण सी अजून २९७ जीबीच आणि पुढे दीड हजार जीबी काळ्या पट्टीत. सीवर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट. कारण विंडोजला फक्त लगेच उजवीकडे चिकटून असलेली जागा जोडता येते आणि मधे कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं. ते डिलीट करा असं सरळ सांगणारे आहेत, मी सांगणार नाही, जुन्या मशीनची ती एकमेव रिकव्हरी असू शकते. जीपार्टेड या पार्टिशन सरकवणाऱ्या प्रोग्रॅमच्या लाइव्ह यूएसबीवरून ते पार्टिशन डिस्कच्या शेवटी सरकवा आणि मग सी वाढवा. सरकवताना वीज गेली तर त्या पार्टिशनची वाट लागते, तेव्हा यूपीएस हवाच. आणि जीपार्टेडमधे जायच्या आधी विंडोज खरंखुरं बंद केलेलं हवं. विंडोज ८ आणि १० मधे फास्ट स्टार्टअप असतं, 'शटडाउन' म्हटलं तरी ते अर्धं झोपलेलंच असतं, 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' करून मग बंद करा.

सीची सुरुवात मात्र हलवू नका, फक्त शेवट वाढवा. का ते वर आलंय, बीसीडीत अंतरही लिहिलेलं असतं. एकच अपवाद, मशीन मुळात एक्सपीचं असेल किंवा एक्सपीच्याच पार्टिशनवर विंडोज ७ चढवलेलं असेल तर. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचं, व्हिस्टापासून २०४८ झालं. नव्या डिस्कमधे आतले खरे सेक्टर ४०९६ बाइटचे असतात, म्हणजे जुन्या आठ सेक्टरचा एक, आणि ६३ ला आठाने भाग जात नाही. मग विंडोजचा प्रत्येक छोटा तुकडा दोन खऱ्या सेक्टरवर पसरतो, लिहिताना डिस्कला आधी वाचून मग परत लिहावं लागतं, आणि नवी कोरी डिस्क जुनीपेक्षा हळू वाटायला लागते. 'एमएसइन्फो३२'मधे स्टोरेज, डिस्क्स इथे स्टार्टिंग ऑफसेट बघा, ३२२५६ बाइट असेल तर हाच प्रकार. जीपार्टेडने मेबिबाइटवर अलाइन करून घ्या, त्यानंतर विंडोज ७ वर वरचाच ०एक्ससी वाला एरर येणार हे धरून चला आणि बीसीडीबूटची यूएसबी हाताशी ठेवा.

लिनक्स

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. तिथे सहीच्या जागी यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा ओळख नंबर) असतो आणि क्लोनमधे तोही तोच येतो. दोन्ही डिस्क लावून बूट केलं तर कुठली रूट माउंट झाली याचा भरवसा नाही, तुम्ही नव्यावर समजून जुन्यावर काम करत राहता, आणि एक्सएफएस ही फाइल सिस्टम असेल तर तोच यूयूआयडी दुसऱ्यांदा माउंटच होत नाही. त्यामुळे इथेही पहिलं बूट एकटीवर. पार्टिशन नवीन बनवून फाइली कॉपी केल्या असतील तर 'एफएसटॅब' (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) मधले यूयूआयडी बदला, ग्रब (लिनक्सचा बूट प्रोग्रॅम) नव्या डिस्कवर टाका, आणि स्वॅपचा यूयूआयडी विसरू नका, तो चुकला की बूट होताना मशीन तसंच काही वेळ वाट बघत बसतं. जीपीटी डिस्क जशीच्या तशी मोठ्या डिस्कवर उतरवली तर जीपीटीची दुसरी प्रत, जी डिस्कच्या अगदी शेवटी असायला हवी, ती मधेच राहते, 'एसजीडिस्क'ला मायनस ई देऊन ती शेवटी पाठवा.

कॉपीच अडकली तर

९० टक्के वेळा जुनी डिस्क आजारी असते. क्लोनच्या आधी स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, बघा, ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे. १९७ शून्य नसेल तर त्या डिस्कवर चेकडिस्क चालवू नका, दुरुस्तीच्या नादात ती अजून घासली जाते. आधी 'डीडीरेस्क्यू'ने मॅप फाइलसकट कॉपी काढा, ते चांगला भाग आधी उचलतं आणि अवघड भाग शेवटी, मधे बंद पडलं तर मॅपवरून तिथूनच पुढे चालू होतं. मग चेकडिस्क चालवायचं ते कॉपीवर. आणि कुठून कुठे कॉपी करताय हे एसडीए, एसडीबी या लिनक्सने दिलेल्या नावांवरून ठरवू नका, ती नावं रीस्टार्टला अदलाबदल होतात. दोन्ही डिस्कच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदाच्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात लिहून डिस्कवर चिकटवा आणि एंटर मारायच्या आधी स्क्रीनवरचा नंबर बोट ठेवून जुळवा. उलट दिशेने कॉपी झाली तर नव्या डिस्कचा रिकामेपणा जुन्या डिस्कवर जातो आणि मग कुठलाच उपाय नाही.

सगळं झाल्यावरही माझ्या त्या मशीनचं एक राहिलं होतं. दिवसातून एकदा अर्धा मिनिट सगळं गोठायचं आणि परत चालू. इव्हेंट व्ह्यूअरमधे डिस्कच्या नावाने ११ नंबरच्या नोंदी, म्हणजे कंट्रोलर एरर. नवी डिस्क, ५ आणि १९७ दोन्ही शून्य, पण १९९ वाढत होता, रोज वीस-पंचवीसने. १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्डच्या मधल्या रस्त्यात डेटा खराब होतोय. मी जी एसएटीए केबल वापरली होती ती डीव्हीडी ड्राइव्हची जुनी, क्लिप नसलेली, डिस्क बसवताना थोडी तिरकी झालेली. क्लिपवाली नवी केबल लावली आणि १९९ चा आकडा लिहून ठेवला, तो कधी खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबतो. तीन आठवडे तो तिथेच राहिला, गोठणं बंद झालं, लायसन्स चाललं, प्लॉटरवर एक मोठं ड्रॉइंग काढून बघितलं. मग जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, वर तारीख आणि 'चालू, पुसू नये' लिहून कपाटात ठेवली.